अल्पमुदतीची भाडी : प्रश्न रात्रींच्या संख्येचा

महोदय,

राहते घर पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने देण्यावरून सध्या जो वाद चालतो, त्यात एका बाजूला ‘माझे घर, माझा दर’ म्हणणारे मालक असतात आणि दुसऱ्या बाजूला सरसकट बंदी मागणारे. दोघांच्याही बोलण्यात हिशेब फारसा येत नाही, आणि माझ्या मते या प्रश्नाची मेख हिशेबातच आहे.

समजा, एखाद्या घराचा एका रात्रीचा दर त्याच घराच्या मासिक भाड्याच्या एक दशांश आहे. वरवर पाहता महिन्यातल्या दहा रात्री भरल्या की भाडेकरू ठेवल्याइतकी रक्कम हाती येते आणि उरलेल्या वीस रात्री घराला कुलूप राहिले तरी मालकाचे काही बिघडत नाही. पाहुणे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन, चादरी-टॉवेलांची धुलाई, प्रत्येक मुक्कामानंतरची साफसफाई आणि वीजबिल यांत एक तृतीयांश गेले असे धरले, तर या दहाच्या पंधरा रात्री होतात, म्हणजे वर्षाला १८०. जिथे याहून अधिक रात्री भरतात, तिथे भाडेकरू ठेवणे मालकाला तोट्याचेच वाटणार. त्यात त्याच्या नीतिमत्तेचा प्रश्न येत नाही.

रात्रीचा दर ठरतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. अशा घराच्या दरांचे कॅलेंडर उघडले, तर त्याच खोलीचा मंगळवारचा आकडा वेगळा, शनिवारचा वेगळा आणि एखाद्या मोठ्या संमेलनाच्या आठवड्यातला तर भलताच असतो. आसपासच्या घरांचे दर, हंगाम आणि तारखेला उरलेले दिवस पाहून सॉफ्टवेअर तो रोज बदलत राहते. दोन बुकिंगांच्या मध्ये अडकलेली एकटी रात्र मालकाने किमान दोन रात्रींची अट घातली असेल तर विकलीच जात नाही, नाहीतर स्वस्तात काढावी लागते. साफसफाईचे शुल्क मात्र एकरकमी असते. आठवडाभर राहणाऱ्याला ते सात रात्रींत विभागून मिळते, एका रात्रीच्या पाहुण्यावर सगळेच पडते. (हॉटेलपेक्षा स्वस्त म्हणून निवडलेली खोली बिल भरताना महाग का निघते, याचे उत्तर बहुधा इथेच सापडेल.) भाडेकराराचा आकडा मात्र वर्षातून एकदा ठरतो आणि तो भाडेकरूच्या पगाराला झेपेल इतकाच असू शकतो. एकाच घरासाठी एकाचा महिन्याचा पगार आणि दुसऱ्याने सुट्टीसाठी वर्षभर साठवलेले पैसे यांची चढाओढ लागते, तेव्हा पगार हरणार हे उघड आहे.

याचा परिणाम किती होतो? बॅरन, कुंग आणि प्रोसेर्पिओ या अभ्यासकांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, एअरबीएनबी या अशाच संकेतस्थळावरील घरांची संख्या १ टक्क्याने वाढली की भाडी ०.०१८ टक्के आणि घरांच्या किमती ०.०२६ टक्के वाढतात. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु अशा घरांची संख्या एकेका टक्क्याने नव्हे, तर कित्येक पटींनी वाढत गेली. शिवाय जिथे मालक स्वतः राहत असलेल्या घरांचे प्रमाण कमी, तिथे हा परिणाम अधिक तीव्र आढळला.

निरनिराळ्या शहरांचे नियम या हिशेबावर घासून पाहिले की त्यांतला फरक कळतो. ॲमस्टरडॅममध्ये २०१९ साली वर्षाला ३० रात्रींची मर्यादा आली, लंडनमध्ये २०१५ साली ९० रात्रींची, तर पॅरिसने राहत्या घरासाठीची १२० रात्रींची मर्यादा २०२५ पासून ९० वर आणली. वरच्या उदाहरणातील १८० च्या तुलनेत हे तिन्ही आकडे बरेच खाली आहेत, म्हणून केवळ पाहुण्यांसाठी घर अडवून ठेवणे परवडत नाही. स्वतः गावाला जाताना घर देणाऱ्याला मात्र त्रास होत नाही. बार्सिलोनाने याहून कठोर मार्ग धरला असून तेथील १०,१०१ पर्यटक-घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा जून २०२४ मध्ये झाली. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी, यजमानाची घरातच उपस्थिती आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे अशा अटी अमलात आल्या. त्यामागोमाग तेथील भाडी कोसळली असे झाले नाही, कारण नवी घरे पुरेशी बांधली जात नसतील तर असा नियम एकटा पुरा पडत नाही. तरीही हातची घरे निसटू द्यावीत, असा त्याचा अर्थ होत नाही.

मर्यादा घातली तरी रात्री मोजायच्या कोणी, हा अवघड भाग राहतोच. एकच घर तीन संकेतस्थळांवर टाकले, तर प्रत्येकाच्या खात्यात थोड्याच रात्री दिसतात. म्हणून प्रत्येक घराला एकच नोंदणी क्रमांक असावा आणि त्या क्रमांकावरील रात्रींची माहिती संकेतस्थळांनी थेट प्रशासनाला द्यावी. युरोपीय संघाने २०२४ साली केलेला नियम याच दिशेचा आहे. मर्यादेचा आकडाही दुसऱ्या शहराकडून उसना न घेता, त्या त्या भागातील मासिक भाडे आणि रात्रीचा दर यांचे गुणोत्तर काढून ठरवावा आणि दर बदलतील तसा दरवर्षी तपासावा. मालक स्वतः राहत असलेल्या घरातील एखादी खोली मात्र या मोजणीतून वगळावी, कारण तिथे कोणा भाडेकरूचे घर हिरावले जात नाही.

आपला,
एक नियमित वाचक