नवी राइड, जुने रस्ते

संपादक महोदय,

थीम पार्कात नवे आकर्षण आले की गर्दी वाढणारच, हे गणित वाटते तितके सरळ नाही. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ३१ मे २०१९ रोजी १४ एकरांचा, ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटांवर बेतलेला विभाग उघडला. त्याआधीच वाटा रुंद केल्या, सुमारे ७९ सेंटिमीटरहून रुंद बाबागाड्या बंद केल्या. २३ जूनपर्यंत या विभागात फक्त आरक्षण असलेल्यांनाच प्रवेश होता, तोही चार तासांपुरता. एवढी तयारी, पण दोन मोठ्या राइडपैकी एकच तयार! दुसरी आली १७ जानेवारी २०२० ला.

खरी गोची क्षमतेची. तिथल्या पहिल्या राइडमध्ये अंतराळयानाच्या एका कॉकपिटमध्ये सहाच जण बसतात. चौघांच्या कुटुंबाशेजारच्या दोन जागा एकट्या आलेल्यांच्या वेगळ्या रांगेतून भराव्यात. नाहीतर रांग वाटेवर येते आणि जीव ओतून उभारलेल्या देखाव्याऐवजी पुढच्याची पाठ दिसते.

– एक वाचक, पुणे