अडलं तर विचारायचं कसं?

महोदय,

मी मेळघाटात अंगणवाडी सेविका आहे. ‘काम अडलं तर लगेच वरिष्ठांना विचारा’ असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. विचारल्यावर काय होतं, तेही एकदा छापून यावं म्हणून हे पत्र.

जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. त्याआधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आणि तिचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. आमच्याकडे तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा, आणि नवरा सोयाबीन सोंगायला खाली गेलेला. बाई लेकरू कडेवर घेऊन उभी, नवऱ्याचा फोन बंद, ॲपवर चकरी फिरतेय. मी सेविकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमचं उत्तर आलं, “बाकीच्यांचं होते, तुमचंच कसं अडते?” त्यावर धडाधड अंगठे. नंतर कितीतरी दिवस ग्रुपवर कोणी तोंड उघडलं नाही. अडलेलं मात्र सगळ्यांचंच होतं. शेजारच्या गावची सेविका म्हणाली, “विचारून कायले बोलणं खाचं?”

मॅडमचीही बाजू आहे. त्यांच्याकडे पूर्ण बीट, म्हणजे कितीतरी अंगणवाड्या. दिवसभर नुसतं ‘होत नाही’, ‘होत नाही’ येत राहिलं तर कोणीही वैतागेल. म्हणून आता मी ग्रुपवर न टाकता थेट त्यांनाच लिहिते: कोणत्या पायरीवर अडलं, स्क्रीनचा फोटो, मी काय करून पाहिलं आणि नेमकं काय पाहिजे. ‘ओटीपी येत नाही’ याला उत्तर मिळत नाही. ‘आधारला बाईचाच नंबर जोडायचा आहे, शिबिर कधी लागेल?’ याला मिळतं.

पण नीट विचारायचं ओझं सेविकेवरच का? मासिक बैठकीत आकडे मागायच्या आधी अर्धा तास अडलेल्या कामांना द्यावा. आकड्यांनी सुरुवात झाली की ज्यांचे कमी, त्या मागं मान खाली घालून बसतात; विचारायचं तर त्यांनाच असतं. एखादी गोष्ट मॅडमच्या हातात नसेल, तर ‘प्रकल्प कार्यालयाला कळवलं’ एवढं तरी सांगावं. नाहीतर आम्ही वाट पाहतो आणि आहाराची पाकिटं कपाटातच राहतात.

आणि बैठक बाजाराच्या दिवशी ठेवू नये. काळीपिवळीत उभं राहायलाही जागा नसते.

— एक अंगणवाडी सेविका, ता. धारणी, जि. अमरावती
(नाव छापू नये, ही विनंती.)