माटुंग्याहून, बाबांच्या ‘बरं’ला उत्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

परवा फोनवर मी सांगितलं, नोकरी सोडून मुंबईला शिकायला आलेय, तर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि फोन आईकडं दिला. त्यांचं ‘बरं’ आपल्या घरात सगळ्यांना कळतं. शिवाय निम्मं त्यांना ऐकू गेलं नसणार, कानाचं मशीन कपाटातल्या डबीतच असणार. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

नोकरी सोडून झाली, फी भरून झाली, वर्गही सुरू झाले. तेव्हा ‘अजून विचार कर’ हे आता नको. आत्या विचारेल, तेहतिसाव्या वर्षी कसलं कॉलेज? तिला सांगा, पोरगी एम.टेक. करतेय, दोन वर्षांचं आहे. बाकीचं तिचं तिला ठरवू दे.

बाबांचा प्रश्न मला माहीत आहे. आपल्या इचलकरंजीतच डीकेटीईचं टेक्सटाइल कॉलेज असताना, आणि तिथलीच डिग्री हातात असताना मुंबई कशाला? डीकेटीईला मी नावं ठेवत नाही, तिथं शिकले म्हणून तर इथं उभी आहे. पण सात-आठ वर्षं मिलच्या लॅबमध्ये मी काय केलं? कापडाचा तुकडा मशीनला लावायचा, ताकद बघायची, पास की नापास लिहायचं. नापास का झालं हे विचारायला ना कुणाला वेळ होता, ना ते माझं काम होतं. तिथंच राहिले असते तर पगार वाढला असता, पण डोकं तिथंच राहिलं असतं. आणि पैशाचं म्हणाल तर गेटची परीक्षा पास होऊन आलेल्यांना महिना 12,400 रुपये मिळतात. हजेरी नीट ठेवायची, एवढंच. तुमच्या एफडीला हात लावायचा नाही. दादालाही सांगितलंय.

माझं कॉलेज, व्हीजेटीआय, म्हणजे मोठं विद्यापीठ वगैरे डोळ्यांपुढं आणू नका. सगळं मिळून 16 एकर. बाबा, गेटातून शिरून पार मागच्या भिंतीपर्यंत तुम्ही गुडघे दुखायच्या आत पोचाल. 1887 साली भायखळ्याला सुरू झालं, 1923 ला माटुंग्यात आलं. गिरण्यांना शिकलेली माणसं हवी होती, तो काळ. आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत, पण टेक्सटाइलचा विभाग अजून चालू आहे. शेडमध्ये एक साधा माग आहे. सरांनी चालवून दाखवला, तर वर्गातल्या पोरांनी कानावर हात ठेवले आणि मला मात्र झोप यायला लागली! लहानपणी खोलीपलीकडं माग चालू असताना कशी झोपायची मी, आणि लाइट गेली, माग थांबले की दचकून उठून रडायची. बाबा मग मला कडेवर घेऊन दारात उभे राहायचे, लाइट येईपर्यंत. आई, कांड्या भरताना तू म्हणायचीस ते गाणं मला अजून येतं, पण इथं कुणासमोर म्हणत नाही.

आणि मुंबई आपल्याला परकी कधी होती? 82 च्या संपानंतर गिरण्यांचे माग मोडीत निघाले, त्यातलेच आपले चार. बाबांनी ट्रकमध्ये बसून आणलेले. ते भंगारात गेले तेव्हा तुम्ही दोघं दोन दिवस जेवला नव्हता. तो विषय काढत नाही, पण मी इथं का आलेय त्यात तेही आहे, एवढंच.

मला खळीवर काम करायचंय. विणताना सूत तुटू नये म्हणून सायझिंगला चढवतो तीच. विणून झाल्यावर प्रोसेसला ती धुऊन काढतात, आणि कापडाच्या कारखान्यातल्या सांडपाण्यातल्या घाणीचा मोठा वाटा त्या धुतलेल्या खळीचाच असतो. ते पाणी शेवटी पंचगंगेत. कमी खळीत सूत टिकेल का, खळ पाण्यातून परत काढून वापरता येईल का, असं काहीतरी. दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो. सरांना विचारलंय, इचलकरंजीच्या सायझिंगमध्येच करू द्या म्हणून. हो म्हणाले तर कित्येक आठवडे घरीच असेन, मग तुम्हीच म्हणाल, जा आता.

राहायचं छान आहे. वडाळ्याला एका मावशींकडं तिघी मुली राहतो. सकाळी पाणी येतं, गीझर आहे, खिडकीला जाळी आहे. डबा लावलाय. भाजी गोडसर असते, पण तू दिलेली चटणी आहे. कॉलेजच्या बाजूला उडप्यांची हॉटेलं आहेत, इडली स्वस्त आणि मऊ. रात्रीचं म्हणशील तर आई, मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन 2017 पासून बायकाच चालवतात, तिकिटापासून पोलिसापर्यंत. त्यामुळं काळजी करायची तर माझ्या वजनाची कर.

आता माझं ऐका. बाबा, अनवाणी फिरायचं नाही, अंगणातसुद्धा. रोज रात्री आई तुमचे तळपाय बघेल, लाजू नका. तीन महिन्यांची साखर पुढच्या आठवड्यात तपासायची आणि वर्षाची डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवायला शेजारच्या पोराला सांगा. आई, बीपीची गोळी अर्धी करून ‘पुरवायची’ नाही. गोळ्या संपत आल्या की मला सांग, मी इथून मागवते. नळाला पाणी आलं की कळशी तू उचलायची नाहीस, बादलीनं भर, थोडं थोडं. आणि पाणी उकळूनच प्या. 2012 ची कावीळ विसरलात का? तिथं गॅस वाचवू नका. सिलिंडरचे पैसे मी देईन.

रागावलात तरी चालेल, पण दोघं वेगवेगळं जेवू नका.

दिवाळीला येतेय. महालक्ष्मीचं तिकीट काढलंय, सकाळी हातकणंगल्याला उतरेन. बाबांनी स्कूटर काढायची नाही. मी एसटीनं येते.

तुमची,
बाळी

ता. क. : फोन करीन तेव्हा बाबांनी मशीन कानात घालून बसायचं. रविवारी, सकाळी दहाला.