चर्चकडे हिशेब मागताना देवस्थानच्या वह्याही उघडा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला भरपाईवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोपनी 2022 साली कॅनडात जाऊन तिथल्या मूळ रहिवाशांची माफी मागितली, मग गोव्याची का नाही, आणि नुसत्या माफीवर का थांबायचं, पाडलेल्या देवळांची भरपाई चर्चने का देऊ नये, असा लेखकाचा सवाल आहे. तो सवाल मला खोटा वाटत नाही. तिसवाडी तालुक्यातली देवळं पोर्तुगिजांनी 1540 च्या सुमारास पाडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. 1566-67 मध्ये सासष्टी तालुक्याची पाळी आली. 1560 साली सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधली चार वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. हे सगळं घडलं, आणि लेखकाला त्याचा जितका राग आहे तितकाच मलाही आहे. आमची दैवतं कुठ्ठाळीहून, केळशीहून, वेर्ण्याहून रातोरात जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, आली, हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले.

मला झोंबलं ते लेखातलं पुढचं विधान. देवस्थानांनी या साडेचारशे वर्षांत फक्त सोसलं, त्यांनी कोणाचं काही घेतलं नाही, असं लेखक लिहितात. हे त्यांनी कोणाला विचारून लिहिलं?

माझी आजी अंत्रुजातल्या एका देवस्थानात कलावंत, म्हणजे देवापुढे गाण्यानाचण्याची सेवा करणारी, होती. देवस्थानचं नाव लिहीत नाही, कारण आमचा दावा अजून चालू आहे. आठ-नऊ वर्षांची असताना तिचा शेंस झाला. जुन्या लोकांना शेंस म्हणजे काय ते सांगायला नको, पण आजच्या मुलांसाठी लिहिते. मुलीला नवरीसारखी नटवायची, दुसऱ्या एका मुलीला नवरदेवाचा वेष चढवायचा, विधी उरकायचा आणि त्या दिवसापासून ती पोर देवाची. देवाची झाली म्हणजे तिचं घरदार कधी होणार नाही, तिच्या मुलांना बापाचं नाव लागणार नाही, आणि उद्या एखाद्या भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, तिला ठेवली तर गावात कोणालाच त्यात वावगं वाटणार नाही. पुढे तसंच झालं. माझ्या आईचे वडील कोण हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं, पण ते आमच्या घरी कधी जेवायला बसले नाहीत.

आजी पालखीपुढे गायची, नाचायची, नवरात्रात मखरापुढे उभी राहायची. देवळातल्या चौकाच्या पुढे तिला पाऊल टाकता येत नव्हतं. प्रसाद तिच्या पदरात वरून टाकायचे. घुंगरांच्या दोऱ्यांनी तिच्या घोट्यांवर पडलेले काळे वळ म्हातारपणीही गेले नव्हते. संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावायची तेव्हा तेवढीच कातडी बोटांना खडबडीत लागायची. ती म्हणायची, तिथं जोर लावू नकोस, तिथं मला काही कळत नाही.

या सेवेबद्दल तिला वर्षाचं भात मिळायचं आणि देवळाच्या तळीच्या मागे राहायला जागा. त्या जागेवर घर बांधलं ते तिनेच, चिरा चिरा आणून. दाव्याच्या निमित्ताने देवस्थानची जुनी वही पाहायला मिळाली. पुजाऱ्याचं नाव होतं, भटाचं होतं, ताशेवाल्याचंसुद्धा होतं. आजीच्या ओळीत मात्र एवढंच होतं: कलावंतीण, पालखी व मखर, भात इतके कुडव.

राजाराम पैंगीणकरांसारख्या सुधारकांनी आमचा समाज हलवून जागा केला, तेव्हा आजीनेही माझ्या आईचा शेंस करायला नकार दिला. तिने आईला मास्तरांकडे मराठी शिकायला घातलं. त्यापायी तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. सेवा थांबली, भात थांबलं, पण घर राहिलं. मुक्तीनंतर 1975 चा मुंडकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा, आला आणि आईने अर्ज केला. त्यावर देवस्थान समितीचं म्हणणं असं पडलं की ही मंडळी मुंडकार नव्हेत, सेवेकरी होती. सेवा संपली, तिथे हक्कही संपला.

संपादक महाशय, हे वाक्य पुन्हा वाचा. आईला देवळाला वाहिली असती तर घर टिकलं असतं. तिला शाळेत घातली म्हणून घरावरचा हक्क गेला. आई गेली तरी तारखा चालूच आहेत. गेल्या पावसाळ्यात मागच्या पडवीचे वासे खचले. दुरुस्तीला समितीचा ना हरकत दाखला लागतो म्हणून अर्ज दिला, तर कारकून म्हणाला, "बाये, फुडल्या मिटिंगेंत घेतूं." पुढची मीटिंग झाली, त्याच्या पुढचीही झाली. निळी ताडपत्री घालून आम्ही राहतो आहोत.

आता कोणी म्हणेल, पोर्तुगिजांच्या अत्याचाराची आणि एका पडवीची तुलना कसली करता? तुलना मी करत नाही. भरपाई कोणी द्यावी आणि कोणाला द्यावी, एवढंच विचारते आहे. इन्क्विझिशनचे बहुतेक कागद ते बंद झाल्यावर जाळून टाकले गेले. कोणाला कोठडीत घातलं, कोणाची मालमत्ता जप्त केली, त्यांचे वारस आज कुठे आहेत, हे घरागणिक सांगणं जवळजवळ अशक्य आहे. आणि द्यायचं कोणी? सासष्टीतल्या ख्रिश्चनाने? तो तर त्याच गावकऱ्यांचा नातू, ज्यांची देवळं पाडली. सासष्टीतल्याच कुंकळ्ळी गावच्या लोकांना विचारा. 1583 साली तिथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले आणि मग बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या पुढाऱ्यांची कत्तल झाली. त्या पुढाऱ्यांच्या वांगडांत, म्हणजे घराण्यांत, आज हिंदूही आहेत आणि ख्रिश्चनही. कुंकळ्ळीहून फातर्प्याला गेलेल्या शांतादुर्गेच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा सत्र्या (छत्र्या) गुलालात निघतात तेव्हा तिथे कोण कोणाकडे भरपाई मागणार? मागायचीच असेल तर ती लिस्बनकडे आणि रोमकडे मागा, मीही सही करीन. चर्चच्या दाराबाहेर फुलं विकणाऱ्या बाईकडे बोट दाखवू नका.

उलट आमचं प्रकरण पाहा. देणारी संस्था तीच आहे, वही कपाटात आहे, जमीन जागच्या जागी आहे आणि घेणारी माणसं त्याच जमिनीवर राहत आहेत. लेखकाने परदेशातली उदाहरणं दिली, पण एक महत्त्वाचं गाळलं. अमेरिकेत मेरीलँडच्या जेझुइटांनी 1838 साली आपले 272 गुलाम विकले आणि त्या पैशातला काही भाग जॉर्जटाउनच्या कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. विक्रीच्या कागदांवर त्या माणसांची नावं होती. त्या नावांवरून वंशज शोधले गेले, ते येऊन समोर बसले, आणि 2021 मध्ये जेझुइटांनी त्यांच्यासाठी 10 कोटी डॉलर उभे करण्याचा शब्द दिला. शब्द किती पाळला जातो ते पुढे कळेल. पण कागद होता, संस्था होती आणि वंशज होते म्हणून तिथे बोलणं तरी सुरू झालं. आमच्या देवस्थानांत या तिन्ही गोष्टी आहेत. बोलणं मात्र नाही.

देवस्थानांचा कारभार अजून 1933 च्या पोर्तुगीज कायद्यावर चालतो. महाजन, म्हणजे देवस्थानचे सभासद, कोण, ते कातलागात, म्हणजे त्यांच्या नोंदवहीत, लिहिलेलं आहे आणि बापाकडून मुलाकडे जातं. पोर्तुगिजांचं एकेक चिन्ह पुसून टाका म्हणून भाषणं करणारे आमचे पुढारी या कायद्याला हात लावा असं कधी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायकांच्या गळ्यावर उत्सव उभे राहिले, त्यांच्या मुलांना महाजनांच्या सभेत मत नाही. सरकारने 2022 च्या अर्थसंकल्पात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी 20 कोटी ठेवले, समिती नेमली. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार झाला तेव्हा मीही जाऊन दर्शन घेऊन आले, कारण शिवाजी महाराजांनी हात लावलेलं ते देऊळ माझंही आहे. मग त्या 20 कोटींची चर्चा करताना देवळांच्या सेवेत आयुष्य गेलेल्या घराण्यांच्या जागेचा प्रश्न कोणाला का आठवू नये?

तुमच्या वर्तमानपत्राबद्दलही लिहायचं आहे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यावर तुम्ही लेख छापता. 1977 च्या व्हॉयेजर यानातून केसरबाईंचा आवाज अंतराळात गेला, हे तर अभिमानाने दरवेळी लिहिता. गोमंतभूमीची देणगी म्हणता. पण या गायिका कोणत्या समाजातून आल्या, त्यांच्या आया-आज्यांना देवळात कुठे उभं केलं जायचं, हे त्या लेखांत मला कधी सापडलं नाही. आमच्याकडचं गाणं सगळ्यांना हवं आहे. त्या गाण्याची किंमत आमच्या घरांनी काय मोजली ते छापायला तुमच्याकडे जागा नसते.

आणि जत्रेच्या पार्किंगचं कोणीतरी बघा. समितीने तळीमागची मोकळी जागा गाड्यांसाठी द्यायला सुरुवात केली आहे. गाड्या आमच्या तुळशीवृंदावनाला चिकटून लागतात. यंदा शेजारच्या म्हातारीला रात्री दम लागला तर रिक्षा आत येईना. चार पोरांनी तिला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत नेलं. तक्रार केली तेव्हा जागा देवस्थानची आहे, एवढंच उत्तर मिळालं.

माझी मागणी मोठी नाही. ज्या देवस्थानांच्या जागेत कलावंतांची, भाविणींची, देवळ्यांची, म्हणजे देवळाच्या सेवेतल्या घराण्यांची, घरं आहेत, त्यांनी त्या घरांखालची जमीन, कायद्यात गावांसाठी ठरवून दिलेले तीनशे चौरस मीटर, कोर्टात न भांडता त्यांच्या नावावर करावी. जुन्या वह्या पाहायला खुल्या कराव्यात. आणि पुढच्या आमसभेत एका तरी महाजनाने उभं राहून म्हणावं की या बायकांवर आपल्या देवळात अन्याय झाला. मला पैसे नकोत. तेवढं ऐकलं की लिस्बन-रोमकडे भरपाई मागणाऱ्या निवेदनावर मी पहिली सही करीन.

लेखकाने या पत्राला उत्तर द्यावं अशी इच्छा आहे. आमच्या घरी येऊन बोलायचं असेल तरी यावं, चहा पाजीन.

पत्र छापलंत तर शेंसाबद्दलचा मजकूर गाळू नका ही विनंती. दोन वर्षांपूर्वी याच विषयावरच्या माझ्या पत्रातला नेमका तेवढाच भाग कापून बाकीचं छापलं होतंत, आणि मी देवस्थानकडे घरपट्टीची सूट मागते आहे असं वाचकांना वाटलं. नाव मात्र छापू नये, दावा चालू आहे.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका