नोकरीचं काय चाललंय ते

आई, बाबा,

फोनवर हे जमत नाही. आई स्पीकरवर टाकते, मागे टीव्ही चालू, बाबा दोनदा हं हं करतात आणि 'घे, आईशी बोल' म्हणून मोकळे. म्हणून टाइप करतेय. आई, तू मोठ्याने वाच, पण मधेच स्वतःचं काही घालू नकोस.

नोकरी सोडायचं डोक्यात आहे. भांडण नाही झालं, काढलेलं नाही, साहेब पण बरे आहेत, उगाच घाबरू नका. कंटाळा आलाय. बाबा म्हणणार ब्याऐंशी हजाराचा कसला कंटाळा. येतो बाबा.

तुम्ही लोकांना सांगता की पोरगी औषधांच्या कामात आहे, तर ते काम काय हे एकदा सांगूनच टाकते. औषध परदेशात विकायचं तर तिथल्या सरकारला फाइल द्यावी लागते, हजारो पानांची. त्या पीडीएफमध्ये बुकमार्कवर क्लिक केलं की बरोबर पान उघडतंय का, लिंक निळ्या आहेत का, मार्जिन नीट आहे का, हे मी बघते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, ऐरोलीत, एसीत, शाल घेऊन. मागे एका मंगळवारी रिपोर्ट मेल केला आणि फाइल जोडायलाच विसरले, तर तीन जणांचं उत्तर आलं, 'थँक्स, मिळाला.' आजपर्यंत कोणी विचारलं नाही की रिपोर्ट कुठाय. आणि खरं सांगू का, त्या फाइलींमध्ये लॅबच्या टेस्टची पानं असतात, कोणीतरी स्वतः हाताने टायट्रेशन करून, म्हणजे थेंब थेंब रसायन सोडून मोजून, आकडे काढलेले असतात, आणि मी एमएस्सी केमिस्ट्री त्या पानाचं मार्जिन मोजत बसते.

ही नोकरी मी का धरली ते तुम्हाला माहितीये पण आपण कधी बोललो नाही. २२ जुलै २०२१ ला पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, तुम्ही दोघं माळ्यावर, फोन लागत नव्हता. नंतर चिखल, फ्रिज, वायरिंग, आईचं शिलाई मशीन, सगळंच गेलेलं. ९ ऑगस्टला मी इथे जॉइन झाले. लॅबची एक नोकरी तेव्हाही हातात होती पण पगार निम्मा, आणि घरासाठी पाच लाखांचं लोन काढायचं होतं. ते लोन मार्चच्या बोनसमधून उरलेले हप्ते एकदम भरून संपवलं, बँकेचं एनओसी पण आलं. त्या दिवशी पार्टी करायची तर मी नुसतीच बसून राहिले, म्हटलं आता सांगायला कारणच उरलं नाही.

आता मेन गोष्ट. वागळे इस्टेटला एक पाण्याची टेस्टिंग लॅब आहे, चौदा माणसं, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. इंटरव्ह्यूला गेले तर मॅडम म्हणाल्या प्रश्न नंतर, आधी हे सॅम्पल करून दाखवा. घोडबंदर रोडच्या सोसायटीचं टँकरचं पाणी होतं. आठ वर्षांनी ब्युरेट, ती थेंब सोडायची काचेची नळी, हातात घेतली, पहिल्यांदा थेंब जास्त पडला, फुकट गेलं. दुसऱ्यांदा हळू. हार्डनेसच्या, म्हणजे पाणी किती जड आहे त्या टेस्टमध्ये पाणी वाइनसारखं लाल असतं, ब्युरेटमधून रसायन थेंब थेंब सोडत जायचं, काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एका थेंबाला सगळं निळं. चारशेच्या वर आलं, लिमिट २०० आहे, दुसरीकडून पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे तिथे बायकांचे गीझर का जातात आणि डाळ का शिजत नाही ते मला त्या एका फ्लास्कवरून सांगता येत होतं. घरी येताना शेअर रिक्षात मी एकटीच हसत होते, बाजूच्या बाईने सरकून घेतलं.

पगार शेहेचाळीस. हो, शेहेचाळीस.

हिशेब केलाय. भाड्याचा माझा वाटा तेरा, तुम्हाला दहा तसेच चालू राहणार, त्यावर वाद नको. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, ती ९ ऑगस्टला होतात, म्हणून राजीनामा १२ मेच्या आधी देणार नाही, नोटीस नव्वद दिवसांची आहे म्हणजे शेवटचा दिवस १० ऑगस्ट. बेसिक ४० हजार, त्याचे पंधरा भागिले सव्वीस, गुणिले पाच, १ लाख १५ हजार होतात, ते सोडून येण्याएवढी मी बावळट नाही. पीएफला हात लावणार नाही.

झोप उडते ती मेडिक्लेमवरून. तुम्ही दोघं माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहात, ती माझ्या शेवटच्या दिवशी संपते. बाबांना शुगर, नवीन पॉलिसी घेतली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवतात. पण त्याच इन्शुरन्स कंपनीत ग्रुपमधून स्वतःच्या पॉलिसीवर जाता येतं आणि झालेली वर्षं धरतात, त्याचं कोटेशन मागवलंय, दोघांचं मिळून वर्षाला बावन्न हजार. सत्तरीनंतर सरकारचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण बाबा अजून अडुसष्टचेच, यात तरी घाई करता येत नाही. तर आधी ती पॉलिसी हातात, मग राजीनामा. पॉलिसी नाही मिळाली तर मी गप मार्जिन बघत बसेन, कुरकुर करणार नाही. म्हणजे करेन, पण आईकडे.

बाबा, तुम्ही डेपोत छत्तीस वर्षं काढलीत आणि पेन्शन येते तीन हजार दोनशे, म्हणून पगार म्हटलं की तुमचा जीव का अडकतो ते मला कळतं. पण तुम्ही गाडी आवारात शिरताना नुसत्या आवाजावरून सांगायचात, हिचा क्लच गेलाय. ग्रीसचे हात घेऊन घरी यायचात आणि जेवताना त्याच गाडीबद्दल बोलायचात, आई ओरडेपर्यंत. मला विचारायचंय की तुम्हाला कधी कंटाळा आला होता का. आला असेल तर काय केलंत ते लिहा, आईला सांगून टाइप करून घ्या, 'हं' चालणार नाही. लॅबला मला ३० तारखेपर्यंत कळवायचंय.

२५ ला शनिवारी रात्री येतेय, रविवार तिथेच. आई, परत येताना आपल्या विहिरीचं पाणी घेऊन येणार आहे, पुरानंतर टीसीएल, ती ब्लीचिंग पावडर, टाकली तेवढीच, नीट तपासलं कुठे आपण. लिटरची बाटली धुऊन ठेव, लोणच्याची नको.

तुमची,
ठाणेकर