लोणारचे जंतू आणि सोड्याची वेगळी बाटली

मा. संपादक,

आपल्या करिअर पुरवणीतल्या लेखात टोकाच्या परिस्थितीत जगणाऱ्या जिवांचा अभ्यास म्हणजे अंटार्क्टिका, ज्वालामुखी आणि मंगळ, असं चित्र रंगवलं आहे. खरं काम चालतं ते प्रयोगशाळेत, मीडियम म्हणजे जंतू वाढवायचं पोषक मिश्रण बनवण्यात. तिथेच बरीच मुलं कंटाळून बाजूला होतात.

अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांचंच पाहा. १९६६ मध्ये त्यांनी आणि हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या मशरूम स्प्रिंग या गरम झऱ्यातून ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हा जिवाणू वेगळा केला. उष्णताप्रेमी जिवाणू लोक आधीही वाढवत होते, पण ५५ अंशांच्या आसपास. त्यामुळे हाती लागायचे ते बहुतेक बॅसिलस या एकाच गटातले. या दोघांनी तापमान ७० अंशांवर नेलं आणि ट्रिप्टोन व यीस्ट एक्स्ट्रॅक्ट हे पोषक घटक प्रत्येकी ०.१ टक्क्यावर आणलं. मीडियम जास्त सकस केलं की हा जंतू रुसतो. वाण (वेगळा केलेला जिवंत जंतू) त्यांनी अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या जंतूंच्या संग्रहाकडे जमा केला. म्हणून तर १९७६ मध्ये दुसऱ्याच चमूला त्यातून टॅक पॉलिमरेज हे उष्णता सोसणारं, डीएनएची नक्कल करणारं विकर शुद्ध करता आलं, आणि आजची पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) त्यावर उभी राहिली.

आपल्याकडे लोणार आहेच. पाण्याचा पीएच दहाच्या घरात, त्यामुळे न्यूट्रिएंट ॲगर या नेहमीच्या साध्या मीडियमवर इथले खरे अल्कलीप्रेमी (जास्त पीएचलाच वाढणारे) जंतू येत नाहीत. लिटरला ग्लुकोज १० ग्रॅम, पेप्टोन व यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५-५, डायपोटॅशियम फॉस्फेट १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२, आणि मीडियम घट्ट करणारं ॲगर २० ग्रॅम घ्यावं. १० ग्रॅम सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) मात्र १०० मिलि पाण्यात, वेगळ्या बाटलीत ऑटोक्लेव्ह करावं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावं (बाकीचं ९०० मिलिमध्ये) आणि दोन्ही साठ अंशांच्या आसपास आल्यावर एकत्र करावं. सगळं एकदम टाकलं तर ग्लुकोज करपून तपकिरी होतं, ॲगर तुटतं आणि प्लेट घट्ट बसत नाही. ओतलेल्या प्लेट उघड्या ठेवल्या तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच उतरतो. त्या पिशवीत बंद कराव्यात. कोकणातल्या उन्हवऱ्यासारख्या गरम झऱ्यांच्या नमुन्यांचं दुखणं वेगळंच: ७० अंशांना ॲगर सुकून तडकतं, तिथे ॲगरऐवजी जेलन गम हा उष्णता सोसणारा घट्ट करणारा पदार्थ लागतो.

लोणार हे अभयारण्य आहे, त्यामुळे नमुना घेण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी हवी. नवी प्रजाती जाहीर करायची तर वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. त्यातला एक संग्रह पुण्यातच, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी संलग्न आहे.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे