आधी कानाने बघ

मिरज

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला. बाबांनी दोनदा वाचला, मी त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेतला. २० मिनिटांची फिल्म, आणि विषय आपल्या मिरजेचं संगीत! माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं मी इथल्या मुलींना गाणं शिकवतेय, आणि हे गाव कुणीतरी नीट टिपून ठेवावं असं मला नेहमी वाटत आलंय. ते तू करणार आहेस.

एक गोष्ट मात्र पटली नाही. दर्ग्यावरून ड्रोन फिरवून सुरुवात, मग चार गायकांचे बाइट, मध्ये जुने फोटो. गाण्याच्या गावावरची फिल्म, आणि कागदावर आवाजाचा उल्लेख कुठेच नाही. काय दिसणार ते सगळं लिहिलंयस, ऐकू काय येणार?

तू लहान असताना माझ्याबरोबर सतारमेकर गल्लीत यायचीस, आठवतं? भोपळ्यांच्या ढिगाशेजारी बसून तू एकेक वाजवून बघायचीस. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते कडू भोपळे. मी तानपुरा जवारीला, म्हणजे तारेचा झंकार नीट करायला, दिलेला असायचा. दुकानातले कारागीर चाचा घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायचे, दोन हात मारले की तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस. घोडीचा माथा सपाट वाटतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उताराला घासत सुटते आणि त्या घासण्यातूनच आवाज भरून येतो. उतार केसभर चुकला की तार मुकी. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. त्या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात. तो पुढे-मागे करत करत एका जागी बसला, की सगळी खोली एकदम बोलायला लागते. पंचम (प), दोन जोडीचे षड्ज (सा) आणि खर्ज (खालचा सा), एवढ्याच चार तारा. गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, तार त्यात नाही, तरी खर्जातून गंधार उमटतो. मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि कोण गातंय म्हणून मागे वळून पाहिलं होतं.

हे तुझ्या फिल्मचं पहिलं दृश्य कर. मुकी तार, कानस, दोरा, आणि मग तो गंधार. दोन मिनिटं तरी कापू नकोस, वर निवेदनही नको.

इतिहास त्या कानशीतूनच सुरू होतो. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरचे लोक तलवारींना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं, तसे १८५०च्या सुमारास ते गवयांच्या वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग वाद्यं घडवण्याकडे वळले. आडनावही पुढे सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते जरूर सांग, पण सत्काराचे फोटो दाखवत बसू नकोस. गल्लीतल्या तरुण पोरांना विचार की मोबाइलमध्ये तानपुरा आल्यापासून त्यांचं काय झालं. आणि प्रश्न विचारताना त्यांच्या हातातलं काम थांबवू नकोस. काम करता करता माणूस खरं बोलतो.

तिथून दर्ग्यावर जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना तानपुऱ्याचं किती वेड होतं ते तुला माहीत आहे, वाद्यं ते स्वतः दुरुस्त करायचे. २७ ऑक्टोबर १९३७ला पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर तब्येत बिघडून ते उतरले. फलाटावरच त्यांनी तानपुरा लावायला सांगितला आणि गात गातच गेले, असं जुनी माणसं सांगतात. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, ते गल्लीतल्या दृश्यानंतर आलं तर ऐकणाऱ्याला आपोआप जोड लागेल. पहिल्या रात्री कॅमेरा घरी ठेव. लोकांत बस, कोण कुठे दाद देतं ते ऐक. उरुसाच्या तारखा आणि परवानगी यांचं आधीच विचारून घे. अंबाबाईच्या देवळातला नवरात्र महोत्सवही असाच.

विष्णु दिगंबर पलुस्कर इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, बालगंधर्व १९०५ साली इथेच पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले, हे सगळं तुला घ्यायचंय. मोह होणारच. पण २० मिनिटांत एवढी मोठी माणसं आणलीस तर नुसती नावं उरतील. त्यांना एकेक वाक्य दे. गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचा, तेवढं मात्र वगळू नकोस. बायकांनी तिकीट लावून मैफली करायच्या, ही वाट त्यांनी रुळवली. मला आज चार मुली शिकायला येतात, त्यात त्यांचा वाटा आहे.

आता माझं एक दुःख सांगते, म्हणजे मी आवाजासाठी एवढी का हटून बसलेय ते कळेल. माझ्या गुरुजींची एकच कॅसेट आहे. उन्हाळ्यात घरी बसले असताना त्यांनी मुलतानी राग गायला होता आणि मी टेपरेकॉर्डर लावला. डोक्यावरचा पंखा बंद करायचं मला सुचलं नाही. त्या कॅसेटमध्ये पंखा फिरतोय आणि त्याच्यामागे कुठेतरी गुरुजी आहेत. तानपुरा तर नाहीच. पुढच्या वर्षी ते गेले. अजूनही मी ती लावते आणि पंख्याच्या पलीकडे कान देऊन बसते.

तेव्हा कॅमेरा कॉलेजचा चालेल, माईक मात्र चांगला भाड्याने घे. पैसे मी देते. गल्लीतला, दर्ग्यातला, देवळातला नुसता आवाज एकेक मिनिट वेगळा घेऊन ठेव. कुणाच्याही दुकानात शिरलीस की आधी पंखा बंद करायची परवानगी माग.

माझ्या तानपुऱ्याची जवारी उतरली आहे. मुद्दाम तशीच ठेवलीय. तू आलीस की आपण दोघी रिक्षाने घेऊन जाऊ. चाचांशी बोलणं झालंय, शुक्रवार सोडून कधीही या म्हणाले, पण दुपारी दोननंतर, तेव्हा गल्लीत गाड्या कमी असतात. येताना बाबांसाठी मऊ गादीचं हेडफोन आण, त्यांनाही ऐकायचंय.

तुझी,
आई